मैद्याची धूळ

मैद्यानं माणूस आजारी पडतो असं पाच वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं, तर आम्ही हसलो असतो. सांगली जिल्ह्यातल्या एका लहान गावात आमची बेकरी आहे, आजोबांनी सुरू केलेली. आमच्यातला एकजण बेकरीच्या माडीवरच जन्मला आणि दुसरी लग्न होऊन आली ती थेट खारीच्या वासात. भुवयांवर मैदा, चपलांवर मैदा, हिशेबाच्या वहीच्या शिवणीत मैदा. ज्या पिठानं तीन पिढ्यांचं पोट भरलं त्याच्याबद्दल वाईट विचार मनात येणार कुठून?

हे आम्ही नवरा-बायको मिळून लिहीत आहोत, म्हणून 'आम्ही'. एक सांगतो, दुसरी लिहिते. नेमकं कोण कुठे चुकलं यावर आमचं अजून एकमत नाही, तेव्हा चूक दोघांची समजावी.

गोष्ट आमच्या उस्तादांची आहे. उस्ताद विजापूरकडचे. मरहूम अब्बांनी त्यांना सतराव्या वर्षी कामावर ठेवलं, आता ते साठीला आले. अब्बा गेले तेव्हा बेकरी चालली ती उस्तादांमुळे, हे आम्हीच नाही, गाव सांगेल. पावसाळ्यात मैदा ओलसर असतो, उन्हाळ्यात कोरडा. खमीर एप्रिलात तासाभरात उठतं आणि डिसेंबरात दोन तास घेतं. उस्ताद बोटांनी पीठ दाबून सांगतात, अजून अर्धा तांब्या पाणी. वजनकाट्याला विचारायची गरज पडत नाही.

रात्री एकला मशीन सुरू होतं, पहाटे पाचला पहिली लादी भट्टीतून बाहेर येते, सहाला सायकलवाले दारात हजर. रोजच्या तीन गोण्या, पन्नास-पन्नास किलोच्या. रमजानमध्ये पाच. गोणीचं तोंड उसवून ती मशीनच्या भांड्यात उलटी केली की पांढरा ढग उठायचा. मग रिकामी गोणी भिंतीवर झटकायची, कारण झटकली की पावशेर मैदा निघतो आणि रिकामी गोणी स्वच्छ विकता येते. मग पाटावर मूठभर मैदा भिरकावायचा, म्हणजे गोळे चिकटत नाहीत. आणि सगळं आटोपल्यावर कोरड्या झाडूनं जमीन झाडायची. एका रात्रीत चार वेळा ढग. या चारही ढगांत उस्ताद मधोमध उभे, आणि काम झालं की झोपायला पोटमाळ्यावर. पोटमाळ्याखालीच मैद्याची थप्पी.

त्यांच्या शिंका सुरू झाल्या त्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आधी नुसतं नाक. कामाला लागले की दहा-दहा शिंका, डोळ्यांत पाणी. पोरं हसायची, उस्तादही हसायचे. मग खोकला आला. मग पहाटेच्या वेळी छातीतून बारीक शिटी ऐकू यायला लागली. विचारलं तर म्हणायचे, "कुछ नै बेटा, आटा नाक में गया." आम्हीही तेवढ्यावर समाधान मानलं. चाळीस वर्षं पिठात काढलेल्या माणसाला पिठाचा काय त्रास होणार, सवय असते, असं आमच्यातल्या एकानं म्हटलं आणि दुसरीनं मान डोलावली.

उपाय केले नाहीत असं नाही. अडुळशाचा काढा झाला, कलौंजी आणि मध झाला. २०१९ च्या जूनमध्ये मृगाच्या दिवशी उस्ताद हैदराबादला जाऊन आले. तिथे नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दमेकऱ्यांना जिवंत मुरळ माशाच्या तोंडात औषध भरून तो मासा गिळायला देतात, औषध फुकट, आणि हजारो लोक रांगा लावतात. जाताना आम्हीच तिकिटाचे पैसे दिले. तिथून ते आपल्या गावी गेले आणि दहा दिवसांनी परतले ते अगदी टवटवीत. जिना एका दमात चढले. माशाचा गुण आला म्हणून आम्ही चार घरी सांगितलंसुद्धा. पंधरवड्यात शिटी पुन्हा सुरू झाली. तेव्हा आम्ही म्हटलं, पथ्य पाळलं नसेल. दहा दिवस माणूस मैद्यापासून दूर होता, हा साधा हिशेब आमच्या डोक्यात आला नाही. बकरी ईदला गावी गेले की दरवर्षी बरं वाटायचं, तेव्हा आम्ही गावच्या हवेला श्रेय द्यायचो.

मधल्या काळात त्यांनी कुठल्याशा डॉक्टरकडून निळा पंप आणला होता. तो ते यीस्टच्या पुड्यांमागे पत्र्याच्या डब्यात लपवून ठेवत. का लपवला, हे नंतर विचारलं. म्हणाले, पंप म्हणजे शेवटचं औषध, एकदा लागला की सुटत नाही असं लोक म्हणतात. आणि दुसरं कारण त्यांनी नजर खाली ठेवून सांगितलं: तुम्हाला कळलं असतं तर माझ्या जागी दुसरा माणूस बघितला असता.

२०२२ चा रमजान एप्रिलात आला. कोविडमुळे दोन वर्षं घरातच गेलेली, त्यामुळे त्या वर्षी बाजार उसळला होता. इफ्तारीला ताजे पाव हवे म्हणून दुपारी दुसरी पाळी. चोविसावा रोजा. साडेतीनच्या सुमारास एक पोरगा धावत आला. उस्ताद गोण्यांना टेकून बसले होते. खांदे वर चढलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, दोन शब्द बोलले की थांबत. कोणी तोंडावर पाणी मारत होतं. कोणी मोठा पंखा लावला, आणि पंख्यानं जमिनीवरचा सगळा मैदा उडून त्यांच्याच तोंडावर आला. आम्ही ओरडलो, पंप कुठंय? उस्तादांनी हात हलवला. "रोजा... है."

पुढची दहा मिनिटं आम्हाला नीट आठवत नाहीत. पंप डब्यात सापडला तर तो रिकामा. रिक्षा, सरकारी दवाखाना, ऑक्सिजन, तिथून मिरज. आमच्या भागात जड आजार म्हटलं की मिरज. कर्नाटकातूनही माणसं तिथे येतात. तीन दिवस ते तिथे होते. अल्लाहनं त्यांना परत दिलं. रिक्षा मिळायला अजून पंधरा मिनिटं लागली असती तर, हा विचार आम्ही आजही पुरा करत नाही.

छातीच्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, काम काय करता? दुसरा, सुट्टीच्या दिवशी कसं असतं? उस्ताद म्हणाले, "छुट्टी कू बरोबर रहता." मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता.

त्यांनी एक प्लॅस्टिकची नळी दिली, पीक फ्लो मीटर. आमची पोरं तिला फुंकणी म्हणतात. खोल श्वास घेऊन एका झटक्यात जोरानं फुंकायचं, काटा कुठवर सरकला ते लिहायचं. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा धरायचा. दिवसातून चार वेळा. ईदला उस्ताद गावी गेले तिथेही त्यांनी नेमानं लिहिलं. गावचे आकडे हळूहळू ३६०-३७० पर्यंत चढले. औषधं चालू ठेवून, मॅडमच्या देखरेखीखाली ते परत कामावर आले, तर चौथ्या दिवशी संध्याकाळी २७०. सोमवारी बेकरी बंद असते. मंगळवारी सकाळी ३२०. कागदावर ती रेघ डोंगरासारखी चढत-उतरत होती आणि प्रत्येक उतार आमच्या दारात सुरू होत होता. नंतर हाताच्या कातडीवर थेंब टाकून, टोचून चाचणी झाली. गव्हाच्या पिठाच्या थेंबाखाली गांधी उठली. दुसऱ्या एका थेंबाखालीही उठली. तो होता ब्रेड इम्प्रूव्हरमधल्या एन्झाइमचा. हे एन्झाइम बुरशीपासून बनवतात. पाव मऊ राहतो, फुगतो चांगला, म्हणून आम्ही ती भुकटी दहा वर्षांपूर्वी वापरायला लागलो होतो. डब्यावर पावाचं सुंदर चित्र आहे.

मॅडमनी सांगितलं की या आजाराला बेकरीवाल्यांचा दमा असं नावच आहे, आणि तो फार जुना आहे. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात बेकरी आणि गिरणीत काम करणाऱ्यांचा खोकला आणि दमा आलेला आहे. पिठातलं प्रथिन वर्षानुवर्षं श्वासातून आत जातं आणि एखाद्याचं शरीर त्याला शत्रू ठरवतं. बहुधा आधी नाक बिघडतं, छाती मागून. एकदा शरीरानं वैर धरलं की मग थोडीशी धूळही पुरते. सवय होऊन त्रास कमी होत नाही, उलट वाढत जातो. म्हणजे आम्ही जे म्हणत होतो त्याच्या बरोबर उलट.

पंपाबद्दलही आमचा गैरसमज होता. निळा पंप फक्त आवळलेल्या नळ्या सैल करतो; आतली सूज तशीच राहते. उस्ताद कित्येक महिने नुसत्या निळ्या पंपावर काम ओढत होते. सूज उतरवणारा दुसरा पंप रोज दोन वेळा घ्यायचा असतो, बरं वाटत असलं तरी. त्यात स्टिरॉइड असतं हे ऐकून आम्ही घाबरलो. मॅडम म्हणाल्या, थेट छातीत जातं म्हणून मात्रा अगदी थोडी लागते, घेतल्यावर गुळणी करायची, आणि तुमच्या उस्तादांना जे झालं त्याच्यापुढे ही भीती काहीच नाही.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही ताकीद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मजुरी देण्यात आम्ही कधी एक दिवस उशीर केला नाही आणि त्याचा आम्हाला मनातून थोडा गर्वही होता. श्वासाचा हिशेब कोणत्या खात्यात लिहायचा हे मात्र आमच्या वहीत नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला जड जाते, पण ती गाळली तर बाकीचं लिहून उपयोग नाही. उस्ताद गावी असताना एका रात्री आम्ही कागद घेऊन बसलो आणि त्यांना कामावरून कमी करण्याचा हिशेब मांडला. किती रक्कम द्यायची, कोणत्या शब्दांत सांगायचं, दुसरा कारागीर कुठून आणायचा. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला होता की आजारी माणूस कामावर ठेवू नका, उद्या काही झालं तर बला तुमच्या गळ्यात. सल्ला वाईट मनानं दिलेला नव्हता. आम्ही कायद्याचंही विचारून आलो. तेव्हाच्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती आणि कामातून होणारा दमा त्यात होता. पण ती योजना दहा माणसांपासून पुढे लागू; आमच्याकडे सातजण. म्हणजे त्या कायद्याला आजार माहीत होता, पण आमच्यासारख्या लहान बेकरीचा दरवाजा माहीत नव्हता. त्या रात्री कागदावर रक्कम लिहून झाल्यावर आमच्यातली एकजण म्हणाली, अब्बा असते तर काय म्हणाले असते? दुसरा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं कागद फाडला. मोठेपणा नव्हता त्यात. उस्तादांशिवाय पाव तसा होणार नाही, हा स्वार्थही त्या फाडण्यात होता.

मॅडमनी स्पष्ट बजावलं होतं: सगळ्यात चांगलं म्हणजे पिठापासून पूर्ण दूर. ते जमत नसेल तर धूळ उडूच नये असं करा, आणि आकड्यांवर नजर ठेवा. आकडे घसरले तर मग माझ्याकडे रडत येऊ नका, त्यांना बाहेर काढा.

आम्ही आधी सगळ्यात सोपं ते केलं, मास्क आणले. तोवर पोरं तोंडाला रुमाल बांधायची. बारीक मैदा रुमालातून सहज जातो. एन-९५ आणला. मॅडमनी उस्तादांच्या दाढीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, याचा भरवसा धरू नका. हा मास्क चेहऱ्याला चिकटून बसला तरच काम करतो, दाढीवर तो चिकटत नाही, कडेनं हवा आत येते. दाढी काढायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा धूळ उठते तिथेच ती रोखायची, हा एकच रस्ता उरला. आता वाटतं बरंच झालं. मास्क पुरला असता तर आम्ही पुढे काहीच केलं नसतं.

मशीनला पत्र्याचं झाकण बसवलं, गावातल्या कुलर बनवणाऱ्याकडून. भांड्यात आधी पाणी, मग गोणीचं तोंड भांड्याच्या आत खाली नेऊन मैदा सावकाश सोडायचा. पहिली तीन मिनिटं मशीन मंद. पीठ एकदा भिजलं की उडत नाही, सगळा धोका त्या कोरड्या मिनिटांचा. गोण्या झटकणं बंद. पोरांनी कुरकुर केली, कारण झटकलेल्या गोणीचे दोन पैसे त्यांना मिळायचे. ते आम्ही पगारात धरले. पाटावर मैद्याऐवजी तेलाचा हात. पावाला ते चाललं, खारीला नाही. खारीचे पदर लाटताना कोरडं पीठ लागतंच, म्हणून खारी उस्ताद नसताना, दुपारी. इम्प्रूव्हरची भुकटी बंद केली. पाव दुसऱ्या दिवशी थोडा कडक होतो. दोन चहावाल्यांनी तक्रार केली, एकानं दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. असो.

झाडू हा सगळ्यात मोठा घोटाळा निघाला. ओल्या फडक्यानं पुसायला लागलो तर कोपऱ्यात मैद्याची खळ साचून झुरळं आली. मग घरगुती व्हॅक्यूम घेतला, तो पुढून मैदा खेचायचा आणि बारीक धूळ मागून बाहेर फेकायचा. आठवडाभर आम्ही खूश होतो, उस्तादांचे आकडे मात्र घसरले, तेव्हा लक्षात आलं. चांगल्या गाळणीचा यंत्रप्रकार महाग पडला. तो हप्त्यानं घेतला. गच्चीवरचं पत्र्याचं काम त्या वर्षी राहून गेलं.

२०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितलं, तेव्हा बेकरीवाल्यांच्या सगळ्या गप्पा धुरावर होत्या. धूर वाईटच, दमेकऱ्याला तर फारच. पण भट्टीच्या अलीकडे, गोणीपाशी काय उडतं, यावर त्या गप्पांत एकानंही तोंड उघडलं नाही. आम्ही उघडलं तर लोकांनी विषय बदलला.

पोटमाळ्यावर झोपणं पहिल्याच आठवड्यात बंद केलं. गल्लीच्या टोकाला एक खोली भाड्यानं घेतली, उस्ताद आणि दोन पोरांसाठी. खरं तर एवढ्यानंच सकाळचे आकडे सुधारले. रात्रभर तो माणूस मैद्याच्या श्वासातच झोपत होता.

यंत्र, झाकण, खोली ही पैशांची कामं होती, ती झाली. अवघड गोष्ट पुढे होती. आम्ही उस्तादांना सांगितलं, तुम्ही आता काउंटरवर बसा, पगार तोच. आम्हाला वाटलं ते दुआ देतील. ते उठले आणि दोन दिवस आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "मेरेकू काउंटर पे बिठाके तुम मेरे हाथ काटे." ज्या माणसाच्या बोटांना पीठ कळतं त्याला आम्ही सुट्टे पैसे मोजायला बसवलं होतं.

मग मधला मार्ग काढला. मशीनची खोली आणि गोळे तोडण्याची खोली यांच्यामधल्या भिंतीत खिडकी पाडली, काच लावली. मैदा ओतण्यापासून पीठ भिजेपर्यंत उस्ताद या बाजूला. खिडकीतून बघतात, हातानं खूण करतात: पाणी, अजून, बस्स. पीठ मळून झालं, जमीन साफ झाली की भांडं त्यांच्यापुढे येतं. ते बोट रुतवतात आणि सांगतात. पोरांना शिव्याही तिथूनच. मॅडमना हे फारसं पसंत नव्हतं. त्या म्हणाल्या, आकड्यांवर ठेवा, माझ्यावर नको. म्हणून बेकरीत एक वही आहे, तारखा आणि आकडे. ३०० च्या खाली गेलं की त्या दिवशी काम बंद आणि मिरजेला फोन, असं मॅडमनी त्यांच्या हातानं पहिल्या पानावर लिहून दिलं आहे. पहिल्या वर्षात तीनदा तसं झालं. नंतर एकदाच, ज्या दिवशी नव्या पोरानं सवयीनं गोणी झटकली.

त्याच पानावर झटका आला तर काय करायचं तेही आहे. सरळ बसवा, झोपवू नका. निळा पंप नळकांड्याला लावून एक दाब, त्यावर चार श्वास. असे चार दाब. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार आणि १०८ ला फोन. पंखा लावू नका, ही ओळ आमची. पंप आता यीस्टमागे नाही, दिव्याच्या बटणाखाली खिळ्याला लटकतो, आणि महिन्याच्या एक तारखेला त्यात औषध उरलंय का हे बघणं सगळ्यात धाकट्या पोराचं काम आहे.

पुढचा रमजान जवळ आला तसा घोर लागला. आम्ही उस्तादांना घेऊन इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, पंपानं औषधाचे कण आत जातात म्हणून आपल्याकडचे बरेच उलमा रोजा तुटतो असं मानतात. अरब मुलुखातले काही मोठे उलमा तुटत नाही असं मानतात. पण जीव कोंडला असताना या वादाचं काय काम? बीमाराला सवलत खुद्द कुराणात, सूरह बकरामध्ये दिलेली आहे, नंतरच्या दिवसांत मोजणी पुरी करायची. अल्लाहनं दिलेली सवलत नाकारणं ही काय परहेजगारी झाली? उस्ताद गप्प बसले होते. मॅडमनी रोजचे दोन पंप सेहरीला आणि इफ्तारला बसवून दिले होते, ते सहज बसले. निळ्या पंपाची गरज पडली तर घ्यायचा, रोज्याची कजा नंतर. आणि ते ठरवणं त्या क्षणी उस्तादांवर सोडायचं नाही, असं इमामसाहेबांनी पोरांना बोलावून सांगितलं. त्या रमजानमध्ये दोन रोजे सुटले. ते त्यांनी डिसेंबरात ठेवले, छोटा दिवस बघून, आणि आम्हाला हसून सांगितलं की हिशेब चुकता झाला.

गेल्या हिवाळ्यात एकोणीस वर्षांचा आमचा धाकटा कारागीर दुपारी घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "भाभी, दो हफ्ते से छींका आरे. काम पे लग्या की आते." हे सांगायला तो स्वतःच्या पायांनी आला होता, याचं आम्हाला इतकं वाटलं की काही क्षण उत्तरच सुचेना. त्याला मिरजेला नेलं. अजून छाती स्वच्छ आहे, नुसतं नाक. लवकर कळलं आणि पिठापासून दूर राहिला तर छातीपर्यंत जाणार नाही अशी चांगली आशा आहे, असं मॅडम म्हणाल्या. त्याला आता लाईनवर दिलं आहे, मोटारसायकलवरून गावोगाव पाव पोचवतो. संध्याकाळी त्याच्या अम्मीचा फोन आला. रडत होत्या. त्याच्या रिश्त्याची बोलणी चालली आहेत, दम्याचं कुठे बोलू नका, मुलीवाले मागे सरकतील. त्यांना दमा झालेला नाही असं आम्ही समजावलं. झाला असता तरी तो लपवून लग्न करू नका, असंही सांगितलं; ते त्यांना आवडलं नाही. बोलणी अजून चालू आहेत.

तोही आता वहीत आकडे लिहितो. परवा सोमवारी, बेकरी बंद असताना, दोघं ओट्यावर बसले होते. आधी उस्तादांनी फुंकलं, ३६०. मग पोरानं, ५२०. उस्तादांनी काटा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, नळी झटकली आणि म्हणाले, मशीन बिघडलंय, परत फुंक. त्यानं परत फुंकलं. ५३०. उस्तादांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले, स्वतःचा वर, त्याचा खाली, आणि चहा मागवला.